दुनळीची डावी नळी

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बंदुका कमी येतात, बोलणं जास्त येतं. बंदूक दुरुस्त झाली की मालक सही करतो आणि घेऊन जातो. बोलणं न्यायला कोणी परत येत नाही. ते इथंच पडून राहतं. चाळीस वर्षांत इतकं साठलं की आता ठेवायला जागा नाही!

मी चौथीपर्यंत शिकलो. कागदाचं काम देशपांडे बाबू करतात. हे बाबू हिंगोलीच्या तहसीलमधून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसले. अजून बसलेलेच आहेत. ते म्हणाले, "मिस्त्री, एवढं सांगता, तर लिहून काढा. चुका मी काढतो."

चुका त्यांनी काढाव्यात. किस्से माझे आहेत.

*

माझ्या दारावर एक पाटी आहे. 'बंदूक रिकामी करून आत या.' ही पाटी सगळे वाचतात आणि कोणी ऐकत नाही.

शिरड शहापूरचे एक पाटील आले. बंदूक बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. मी विचारलं, "रिकामी आहे का?"

"मिस्तरी, वडील गेल्यापासून हात लावला न्हाई. रिकामीच हाय."

"बघून सांगा."

"बघायचं काय त्याच्यात? माझ्यावर इस्वास न्हाई का?"

मी कोणावर विश्वास ठेवत नाही. म्हणून माझी दहाही बोटं जागेवर आहेत. बंदूक उघडली. नळीतून उजेड दिसेना. सळई घातली, तर आतून मातीचं अख्खं घर बाहेर आलं. कुंभारीण माशीनं नळीत संसार थाटला होता. एक माशी बाहेर आली आणि पाटलांच्या मिशीभोवती फिरायला लागली.

पाटील स्टुलावर चढले आणि तिथून ओरडले, "मिस्तरी, लायसन माझ्या एकट्याच्या नावानं हाय! ही आत शिरली कशी?"

*

निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. पुसेगावजवळच्या तांड्यावरचे रामसिंग नाईक आपली बंदूक घेऊन गेले. ही साधी बंदूक नाही. दुनळी रायफल आहे. एका दस्त्यावर शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप. उजवी गोळी सुटली की लगेच डावी सोडता येते. नाईकांच्या आजोबाला ती निजामाच्या काळात एका जहागीरदारानं दिली. सत्तर-ऐंशी वर्षं झाली असतील, पण लोखंड बघावं तर आरसा!

ठाण्यातला शिपाई नवा होता. त्यानं रजिस्टरात लिहिलं, 'बंदुका दोन.'

नाईक म्हणाले, "साहेब, एक हाय."

"नळ्या दोन, घोडे दोन. मग बंदुका दोन!"

"एक हाय, साहेब. पावती एकीची द्या. दोन लिवल्या तर निवडणूक झाल्यावर दुसरी कुठून आणू?"

"मला शिकवू नका. दोन भोकं दिसून राहिली ना मला?"

नाईकांनी शिपायाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. म्हणाले, "भोकं तर तुमच्या नाकालाबी दोन हायेत. नाकं किती लिवू?"

ठाणेदार आतून हसत बाहेर आले, म्हणून पावती एकीची मिळाली.

*

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर नाईक माझ्या दुकानात आले. लंगडत. बरोबर मुलगी कविता. हिनं कॉलेजात रायफल चालवायचं शिक्षण घेतलं होतं. आता घरची सगळी हळद तीच बघते.

नाईकांनी दुनळी टेबलावर ठेवली. "मिस्तरी, डावी नळी बाद झाली. कापा हिला."

घडलं ते असं. रानडुकरं हळदीचे गड्डे उकरून राहिली होती. वनखात्याची परवानगी खिशात होती. सकाळी उजाडता उजाडता नाईक बांधावर बसले. डुक्कर आलं. उजवी नळी सोडली, गोळी लागली, पण डुक्कर पडलं नाही. वळून अंगावर आलं. डावी सोडली. ती गेली भलतीकडेच. डुकरानं मांडी फाडली. कवितानं ट्रॅक्टर मधे घातला म्हणून माणूस आज दुकानात उभा होता.

"आता बाबांना पळणं होत न्हाई," कविता म्हणाली. "लायसनवर माझंबी नाव चढलं हाय. यंदा राखण मी करणार."

"डावी सुधरल्याबिगर तुला बंदूक न्हाई," नाईक म्हणाले. "पहिली गोळी चुकली तर दुसरी कुणाच्या भरवशावर?"

"मग सुधरवा ना!"

"त्याच्याचसाठी आलो."

दोन रस्ते होते. एक, पुढून चार बोटं कापायची, नळ्या एकमेकींपासून सोडवायच्या आणि डावी किंचित वळवून परत झाळून जोडायची. दुसरा, दोन्ही नळ्या आतून घासून साधी छऱ्याची बंदूक करून टाकायची. दोन्ही रस्त्यांनी परत येता येणार नव्हतं. मी तेवढंच बोललो, "नाईक, कापलेली नळी वाढत नाही."

"मिस्तरी, फाटलेली मांडीबी पयल्यावाणी होत न्हाई," नाईक म्हणाले.

मी दुनळी उचलून उजेडाकडे धरली. 

*

बातमी गावभर झाली. हिंगोलीत डॉक्टरपेक्षा बंदुकीला सल्ले जास्त मिळतात! किराणावाला म्हणाला, कापा. लोहार म्हणाला, डावी नळी बुजवून टाका, एकनळी करा. एकजण तर म्हणाला, "दोघांनी मिळून चालवा. एक उजवी, एक डावी."

कनेरगाव नाक्यावर ज्याचा ढाबा आहे, तो एक माणूस एवढ्यात दुकानात आला. त्याच्याकडे बापाची एकनळी होती. त्याला ती लांब वाटायची, जीपमध्ये मावायची नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणा मिस्त्रीकडून त्यानं विनापरवाना नळी कापून घेतली. पुढच्या तपासणीत साहेबानं टेप लावला. मग केस, मग तारखा.

कविता चौकशीला आलेली होती. तिला मी म्हणालो, "ऐक यांच्याकडून."

ढाबेवाला म्हणाला, "पोरी, मी सांगतो. नळी कापली चार बोटं. त्याच्यापायी चपलांचे जोड झिजले चार. बंदूक अजून कोर्टात हाय, जीप इकून टाकली!"

बाबूंनी तिथल्या तिथं कागद पुढं ओढला. "आधी परवानगी. मग करवत."

"करवतीच्या आधी अजून एक," मी म्हणालो. "चूक मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

*

मी एवढा सावध का, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं नसतं. आता लिहायलाच बसलो आहे, तर लिहितो.

मी बावीस वर्षांचा होतो. उस्तादांकडे काम शिकत होतो. उस्ताद हैदराबादेत तयार झालेले. बोलायचे कमी, बघायचे जास्त. दुकानात एक दुनळी रायफल आली होती, फक्त दस्त्याला पॉलिश करायला. उस्ताद वसमतला एका लग्नाला गेले, दोन दिवस.

मी सहज दोरा लावून मोजलं. दोन नळ्यांमधलं अंतर मागं जास्त, पुढं कमी. पुन्हा मोजलं. तेच. म्हटलं, नळ्या वाकड्या झाल्यात! उस्तादांच्या नजरेतून सुटलं, माझ्या नजरेनं पकडलं. छाती फुगली. दोन दिवस आणि दोन रात्री खपलो. झाळण सोडवली, नळ्या अगदी सरळ केल्या, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या बराबर, आणि परत झाळल्या.

उस्ताद आले. मी दोरा त्यांच्या हातात दिला. "उस्ताद, वाकड्या होत्या. सरळ केल्या."

त्यांनी मोजलं. खाली बसले. मला समोर बसवलं आणि म्हणाले, "मेरी दोनों आँखां तेरे कू देख रईं. दोनों कू सीधी कर दूँ, तो तू दिखेगा क्या?"

दुनळीच्या नळ्या मुद्दाम एकीकडे झुकवलेल्या असतात. पुढं जाऊन दोघींच्या गोळ्या एका जागी पडाव्यात म्हणून. जगात एवढंच काम असं आहे की ज्यात सरळ करणारा मूर्ख ठरतो!

उस्तादांनी ती रायफल परत जुळवली. एकटे माळावर जायचे, मारून बघायचे, परत येऊन झाळायचे. मला बरोबर नेलं नाही. ती कशी जुळवतात, ते मी कधी पाहिलं नाही. त्यानंतर ते असेपर्यंत दुनळी रायफल माझ्या हातात दिली नाही. मीही मागितली नाही. मान खाली घालून मागायची माझी सवय नाही.

नाईकांची दुनळी ही माझ्या आयुष्यातली दुसरी.

*

पोलिसांच्या फायरिंग रेंजवर ठाणेदार साहेबांच्या परवानगीनं चाचणी ठरली. मी माझा लोखंडी शिकंजा नेला. माणसाचा हात हलतो, श्वास हलतो. शिकंजा हलत नाही. एकनळी बंदुका मी आयुष्यभर अशाच तपासल्या. जाड फळीवर शिकंजा बसवला, त्यात दुनळी आवळली, दोरीनं चाप ओढला.

उजवी नळी, निशाणाच्या जवळ. डावी, एक वीत बाजूला. पुन्हा दोन. पुन्हा तेच.

कविता म्हणाली, "काका, हिला असं बांधून काहून मारता?"

"माणसाची चूक मधे येऊ नये म्हणून."

"पण शेतात तर माणूसच मारतो ना?"

"पोरी, हे काम मी चाळीस वर्षं करतो."

ती गप्प बसली. तिचा बाप माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "मिस्तरी, मलाबी घरी असंच गप करते. आज पयल्यांदा कुणी हिला गप केलं!"

मी बाबूंना सांगितलं, लिहा. डावी नळी चुकते. मी डोळ्यांनी पाहिलं. खाली माझी सही.

*

बाबूंनी अर्ज लिहिला. बाबूंचं मराठी कचेरीचं. त्यात माणूस 'अर्जदार' होतो आणि बंदूक 'सदर शस्त्र'. पण नाईकांचा पाय बघून त्यांचं मन भरून आलं असावं. एका ओळीत ते घसरले. लिहिलं, 'सदर शस्त्राची डावी नळी अर्जदाराचे ऐकत नाही.'

आठ दिवसांनी कचेरीतून फोन आला. तिकडचा बाबू आमच्या बाबूंच्या हाताखाली शिकलेला.

"सर, उजवी नळी ऐकते का?"

"ऐकते."

"मग परवानगी अर्ध्याच बंदुकीची देऊ का?"

देशपांडे बाबू नोकरीत असते तर त्याची बदली केली असती! स्टुलावरून एवढंच करता आलं की त्यांनी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज नेऊन दिला. त्यात ऐकण्या-बोलण्याचं काही नव्हतं.

पुढं कागद आला. शिक्का, सही, सगळं बराबर. नळ्या पुढून चार बोटं कमी करून पुन्हा जुळवण्यास परवानगी. मी करवतीला नवं पातं चढवलं.

*

काम ठरलं त्या दिवशी सकाळी नाईक आणि कविता पहिल्या बसनं आले. नाईकांनी दुनळी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. मी हात पुढं केला.

कविता म्हणाली, "काका, एक ऐका. पणज्यापासून घरात हाय ही. मी अजून एक गोळीबी मारली न्हाई हिच्यातून. कापायच्या आधी एकदा तरी माझ्या हातानं मारू द्या. जशी हाय तशी."

नाईक म्हणाले, "गोळ्या किती राहिल्या हायेत, ठाऊक हाय ना?"

"सहा हायेत."

"आन मग?"

"मग काय बाबा, डुकराला सहा, मला एक न्हाई?"

नाईकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबूंकडे. बाबू ठाणेदारांना फोन लावायला लागले होते. रेंज रिकामी होती. साहेब स्वतः आले. म्हणाले, "चला, नाक मोजणारे नाईक आले!"

नाईकांना आधी मारायची इच्छा झाली. शेवटची म्हणून. त्यांच्या हातात बेचक्याची काठी असते, बाभळीची, काळी पडलेली. जुनी सवय. चालायला आधार आणि नेम धरताना नळीला टेकू. डुकराच्या सकाळीही तीच होती. ते मातीत बसले, काठी रोवली, बेचक्यात नळ्या टेकवल्या. उजवी मारली. डावी मारली.

उजवी जवळ. डावी एक वीत बाजूला.

"बघा," मी म्हणालो. "शिकंज्यात मारली तेच."

कवितानं दुनळी हातात घेतली. बापानं काठी पुढं केली. तिनं घेतली नाही. "मला उभ्यानं शिकवलं हाय, बाबा."

"जड हाय, पोरी."

"असू द्या."

ती उभी राहिली. दस्ता खांद्याला लावला. खाली कशाचा आधार नाही. उजवी. धक्क्यानं एक पाऊल मागं गेली. परत पुढं आली. डावी.

आम्ही चौघं निशाणापर्यंत चालत गेलो. नाईक मागून लंगडत येत होते.  कागदाला तिची दोन नवी भोकं होती. दोन्ही एका वाटीखाली झाकली असती.

साहेब म्हणाले, "नशीब असेल."

नशिबावर माझा विश्वास नाही. मी परत आलो, दुनळी घेतली आणि उभा राहिलो. वय विसरलो. उजवी मारली. लोखंडानं मला उजवीकडे ढकललं. डावी मारली. डावीकडे ढकललं. दोन्ही वेळा खांदा मागं गेला आणि नळ्या वर उचलल्या. आणि तेव्हा मला कळलं की ज्यानं ही बांधली, त्यानं हा धक्का मोजून बांधली आहे. माणसाच्या खांद्याचा. मी शिकंजा लावला होता. नाईकांनी काठी लावली होती. तिला हलूच दिलं नव्हतं, म्हणून डावी भलतीकडे जात होती.

निशाणावर माझी भोकं कविताच्या दोन भोकांच्या शेजारीच होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब, बाबू, पोरगी. माझी सही असलेला कागद बाबूंच्या पिशवीत होता.

"माझी चूक," मी म्हणालो. "पोरीनं विचारलं होतं, बांधून काहून मारता. मी ऐकलं नाही."

बाबूंनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते. कविता वाकून भोकं मोजायला लागली. शहाणी आहे.

नाईक कागदावरच्या भोकांना बोट लावून बघत होते. पहिल्या भोकाला, दुसऱ्या भोकाला, मग पुन्हा पहिल्याला. मग वळले. दुनळी मी धरली होती. ती माझ्या हातातून काढली आणि कविताच्या हातात दिली. स्वतः. इतकी वर्षं बसमध्येसुद्धा त्यांनी ती घरातल्या कोणाकडे दिली नव्हती.

आम्ही दुकानात आलो. टेबलावर परवानगीचा कागद पडला होता, शेजारी करवत. शिकंज्याचे जबडे सकाळपासून उघडेच होते.

नाईक सरळ शिकंज्यापाशी गेले. आपली काठी आडवी केली, बेचकं जबड्याबाहेर काढलं आणि दांडा आपल्या हातानं आवळला.

"कापा," ते म्हणाले.

"नाईक, परवानगी नळीची आहे."

"व्हय. कापा."

मी करवत उचलली आणि बेचक्याखाली लावली.